पिंपातली म्हातारी

दोन बंद खोल्यांच्या मधल्या अरुंद बोळात एक बाक होते. आई त्या बाकावर बसली आणि कुणी काहीही म्हटले तरी तिथून उठेना.

"आत ये ना," दादा म्हणाला. "आपल्या बाजूला खुर्ची ठेवलीय तुझ्यासाठी."

"आपली बाजू म्हणजे कुठली?"

"आई, प्लीज. कंपनीची."

"आणि त्या खोलीत एकटी बसलीय ती कोण, गिऱ्हाईक? तुम्ही जा आत. मी इथेच बरी. जरा वारा येतो."

बोळात वाऱ्याचे नाव नव्हते. पाण्याच्या यंत्राची घरघर होती, दुधी काचेचे दोन दरवाजे होते आणि एक प्लॅस्टिकची कुंडी होती, जिच्यातले झाडही प्लॅस्टिकचेच होते. आईने पर्स मांडीवर अशी धरली होती की जणू कुणी ती हिसकावून घेणार होते. धाकट्याला तिच्याशेजारी बसावेसे वाटले. पण तो कंपनीच्या बाजूचा होता. कारखान्यातल्या भट्ट्यांचे वेळापत्रक तो सांभाळत असे, म्हणून दादाने त्याला बरोबर आणले होते. आपण होऊन कुठल्या बाजूला जाण्याची वेळ त्याच्यावर आजवर आलीच नव्हती. घरातल्या धाकट्यांना जागा बहुधा नेमून दिलेली असते आणि त्यांनी ती मुकाट्याने धरायची असते.

तो दादाच्या मागोमाग आत गेला. काचेतून पलीकडच्या खोलीतली ताईची आकृती धूसर दिसत होती. ती ताठ बसली होती. शाळेत असताना बाईंनी उभे केले तरी ती अशीच ताठ राहत असे.

आप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते. एका भट्टीपासून त्यांनी सुरू केलेल्या पावाच्या धंद्याला आता शहरभर शाखा होत्या. शाखा चालवणारा माणूस कंपनीची पाटी लावी, कारखान्यातून माल घेई आणि विक्रीवर ठरलेली रॉयल्टी भरी. या साऱ्या शाखांपैकी एक ताईची होती. बँकेतली नोकरी सोडून, फंडाची सगळी रक्कम ओतून तिने ती उभी केली होती. आणि त्याच शाखेने गेल्या तीन तिमाह्यांत रॉयल्टीचा एक पैसाही भरला नव्हता. करारात जे जे लिहिले होते ते ते सगळे क्रमाने झाले होते. आधी स्मरणपत्र गेले, मग नोटीस, मग थकबाकी भरण्याची मुदत. मुदत टळली. आता मध्यस्थाची पायरी होती. इथे जमले नाही तर लवाद. आणि लवादाचा निकाल लागेपर्यंत पाटी उतरणार, कारण दुकानाची जागा भाड्याने घेतली होती तीही कंपनीच्याच नावावर. म्हणजे आजची दुपार सरायच्या आत ताईचे दुकान राहायचे तरी होते, नाहीतर जायचे तरी.

मध्यस्थ बाई ठेंगण्या होत्या, केस पांढरे, आवाज मऊ. बोलण्याआधी त्या चष्मा काढून पुसत आणि तोवर समोरच्याला आपोआपच गप्प बसावे लागे.

"मी इथे निकाल देत नाही," त्या म्हणाल्या. "कोण बरोबर, कोण चूक, हे मला विचारू नका. मी फक्त या खोलीतून त्या खोलीत जाणार. इथलं तिथे तुमच्या परवानगीशिवाय सांगणार नाही, तिथलं इथे त्यांच्या परवानगीशिवाय नाही. आता सांगा, कंपनीच्या वतीने सही करण्याचा अधिकार कुणाला आहे?"

"मला," दादा म्हणाला.

बाईंनी आप्पांकडे पाहिले. आप्पा हसले. "त्यालाच. गेल्या वर्षी सगळं लिहून दिलं त्याला. माझ्या जिभेला आता काही कळत नाही हो. ज्याला चव कळत नाही त्यानं पावाच्या कंपनीत सह्या कशाला करायच्या?"

हा विनोद त्यांनी वर्षभरात इतक्यांदा केला होता की त्यावर हसण्याचे आता कुणाच्या लक्षातही येत नसे. पूर्वी पहाटेचा पहिला पाव आप्पांच्या पुढे येई. ते डोळे मिटून एक घास चावत आणि आज पीठ मळायला कोमट पाणी घेतले की गार, हे सांगत. मग एके सकाळी त्यांनी घास तसाच ताटलीत ठेवला, हात पुसले आणि "माझं काम संपलं" म्हणून उठून गेले. धाकटा तेव्हा भट्टीपाशी होता. ताटलीतला तो घास त्यानेच नंतर उचलून टाकला होता.

वहिनीने सगळ्यांसमोर चहाचे कप ठेवले. कंपनीचा हिशेब ती बघत असे आणि चहाही कागदपत्रांसारखाच अगदी नीट ओळीत मांडत असे. धाकट्याने घोट घेतला. दूध पातेल्याच्या तळाला लागले होते. जिभेवर करपट चव पसरली. त्याने इकडेतिकडे पाहिले. दादा प्यायला, वहिनी प्यायली, बाईही प्यायल्या. कुणी काही म्हणाले नाही, तेव्हा तोही काही म्हणाला नाही.

"आप्पा, ठीक आहे ना चहा?" वहिनीने विचारले.

"असेल ठीक. तुम्ही म्हणाल तसा."

बाई पलीकडे गेल्या, बऱ्याच वेळाने परतल्या. "माझ्यापाशी माणसं कारणांचा ढीग घेऊन येतात," त्या म्हणाल्या. "माल खराब आला, जाहिरातीचे पैसे घेतले पण जाहिरात केली नाही, माझ्या शेजारीच दुसरी शाखा काढली. ताईंनी एकही कारण दिलेलं नाही. त्या फक्त एवढंच म्हणतात, आणि हे तुम्हाला सांगायला त्यांची हरकत नाही: 'नावाचे पैसे देते, खमिराचे देणार नाही.'"

"म्हणजे काय?" वहिनीने कागद पुढे ओढला. "रॉयल्टी एकच आहे. हां, मोजताना दोन भाग आहेत, नावाचा एक आणि खमिराचा एक, पण भरायची एकत्रच. खमिराचा दर आपण मध्ये वाढवला होता. त्या पत्रानंतरच तिने भरणं बंद केलं."

"दोन भाग आहेत तर वेगळा विचार करता येईल," बाई म्हणाल्या.

"नाही येणार," दादा म्हणाला.

तो इतक्या झटकन म्हणाला की वहिनीने मान वळवून त्याच्याकडे पाहिले.

खमीर म्हणजे आंबवलेले पीठ, ज्याच्या बळावर पाव फुगतो. आप्पांचे खमीर त्यांच्या लग्नाच्याही आधीचे. रोज त्यातले थोडे काढायचे, तेवढेच पीठ-पाणी पुन्हा घालायचे. असे ते वर्षानुवर्षे पिंपात जिवंत होते. घरात त्याला म्हातारी म्हणत. "म्हातारी जेवली का?" हा प्रश्न माणसांच्या जेवणाआधी विचारला जाई. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या संध्याकाळी तिने या आजीची खोली घरभर शोधली होती आणि शेवटी आईला हळूच विचारले होते, "त्या आजारी असतात का?" पुढे इतर शाखांना कारखान्यातून गोठवलेले तयार गोळेच जाऊ लागले. ताईने मात्र ऐकले नाही. मी माझ्या दुकानात मळीन आणि माझ्या दुकानात भाजीन, म्हणाली. म्हणून बरणीभर म्हातारी फक्त तिच्याकडे होती. आणि आप्पांचा त्याबाबत एकच कडक नियम होता. म्हातारी वरून खाली जाते, खालून वर येत नाही. ज्या खोलीत ती राहते त्या खोलीची हवा तिला लागते. शाखेतली म्हातारी पिंपात परत ओतली की पावाची चव बदलणार.

"मी मार्ग सांगतो," दादा म्हणाला. "शाखा बंद. थकबाकी आम्ही सोडून देतो."

"सगळी?" वहिनीचा आवाज चढला. "अहो, तीन तिमाह्यांची सगळी? नोटिसा कशाला धाडल्या मग?"

"सगळी. फक्त तिच्याकडचं खमीर आपल्या माणसाच्या समोर, उकळतं पाणी ओतून संपवायचं. करारात आहेच. शाखा संपली की खमीर परत करा किंवा नष्ट करा."

आप्पांनी खिडकीवरची नजर काढली. "म्हातारीला मारायचं?"

"आप्पा, ती मालमत्ता आहे कंपनीची."

"मग परत घे."

"खालून वर येत नाही," दादा त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "तुमचाच नियम."

आप्पा, ज्याने अधिकार लिहून दिला आहे अशा माणसासारखे, पुन्हा खिडकीकडे वळले.

"हा जाईल आपल्या बाजूने," दादाने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या सकाळी. तुझ्यावर ताई चिडायची नाही."

धाकटा हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. त्याला डोळ्यांपुढे ताईच्या दुकानातली ती खिडकी दिसली, खिडकीतली फडक्याने झाकलेली बरणी दिसली आणि हातातल्या किटलीची वाफही दिसली. पाणी पिऊन येतो, असे पुटपुटत तो बाहेर पडला.

"काय ठरतंय?" आईने विचारले.

"दुकान बंद करायचं म्हणतोय दादा. थकबाकी सोडणार. आणि ताईची बरणी..." त्याला शब्द सापडेना. "त्यात उकळतं पाणी ओतायचं. मी."

आई उठून उभी राहिली. पर्स खाली पडली, तिचे तिला भान नव्हते.

"पुन्हा?" ती म्हणाली.

पाण्याचे यंत्र घरघरत थांबले.

"पुन्हा म्हणजे काय, आई?"

तिने भिंतीला हात टेकला. नको तो शब्द तोंडातून निसटल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो, तसा तिचा झाला होता. पण मग तिने धाकट्याकडे पाहिले आणि इतके दिवस धरून ठेवलेले ओझे खाली ठेवावे तशी बोलू लागली. नवी स्टीलची पिंपे बसवली तेव्हाची गोष्ट. जुने पिंप धुवायला काढा, असे दादाने सांगितले. म्हातारी नव्या पिंपात हलवली असेल असे धुणाऱ्यांना वाटले. ते धुतील त्याआधी कुणीतरी हलवेलच असे दादाला वाटले. उकळत्या पाण्याचा पाइप आत सोडला गेला.

"पहाटे माझ्याकडे आला," आई म्हणाली. "स्वयंपाकघरात फरशीवर बसला. एवढा मोठा बाप्या, पायातले बूटही काढले नव्हते. 'आई, मेली,' म्हणाला. मला वाटलं, कोण माणूस गेलं. मग मीच टॅक्सी करून ताईकडे गेले. बरणी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली. वाटेत झाकण फुगत होतं आणि मी दाबून धरत होते."

"म्हणजे आता पिंपात..."

"तिचीच. तेव्हापासून साऱ्या शाखांना जातो तो पाव तिच्याच म्हातारीवर फुगतोय."

"ताईला माहीत आहे?"

"तिनं तर भरून दिली बरणी! एकच विचारलं, दादा स्वतः का नाही आला? मी म्हटलं, येईल गं, जरा सावरू दे. आणि शब्द घेतला तिच्याकडून की आप्पांच्या कानावर घालायचं नाही. हाय खातील ते. मग वाट बघत बसली बिचारी. दादा काही गेला नाही. गेलं ते पत्र. 'कंपनीने जतन केलेल्या खमिरासाठी वाढीव दर.'" आईने डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "शब्द दिलाय म्हणून ती आतमध्ये गप्प बसून दुकान घालवायला निघालीय. आणि मी इथं वारा खातेय."

धाकट्याने पर्स उचलून तिच्या हातात दिली. दुधी काचेपलीकडे त्याची रिकामी खुर्ची दिसत होती. ती दादाच्या शेजारी होती. आत जाऊन तिच्यावर नुसते बसले असते तरी सगळे ठरल्याप्रमाणे घडले असते. त्याला काही करावेच लागले नसते. लहानपणापासून त्याला वाटत आले होते की न बोलणे म्हणजे कुणालाही न दुखवणे. त्या बोळात त्याला प्रथमच दिसले की आपल्या घरात सगळेच न बोलणारे आहेत आणि त्या न बोलण्यातच कुणीतरी उकळते पाणी सोडून ठेवले आहे.

तो आत गेला आणि बसला नाही.

"मी जाणार नाही," तो म्हणाला.

"कुठे?" दादा कागद वाचत होता.

"ताईकडे. पाणी ओतायला." आपलाच आवाज त्याला परका वाटला. "दादा, आपल्या पिंपात आत्ता जी आहे ती ताईची आहे ना?"

वहिनीच्या हातातली लेखणी थांबली. आप्पा वळले नाहीत. पण खिडकीच्या काचेत त्यांचा चेहरा दिसत होता आणि तो एकदम स्थिर झाला होता.

"कुणी सांगितलं तुला?" दादाने विचारले.

"अहो," वहिनी म्हणाली, "'कुणी सांगितलं' काय? 'खोटं आहे' म्हणा ना. भाऊजी काय बोलतायत?"

दादाने हातातला कागद पालथा घातला. तेच उत्तर होते.

"म्हणजे तिचंच खमीर तिला विकलं आपण? वर दर वाढवून?" वहिनीने फाइल मिटली. "त्या पत्रावर माझी सही आहे. 'जतन केलेलं' हा शब्द मी घातला होता, चांगला दिसतो म्हणून."

"मग काय करायचं होतं?" दादा एकदम उसळला. "सांगायचं होतं सगळ्यांना? मूळच गेलं म्हटल्यावर रॉयल्टी कोण भरणार होतं? कारखाना बंद ठेवायचा होता का? एका सकाळचा प्रश्न होता. मला वाटलं, महिन्याभरात सगळे विसरतील."

"आणि बरणी? ती का मारायची?" धाकट्याने विचारले.

"ती आहे तोवर..." तो थांबला. "तिने कधी तोंड उघडलं असतं तर दाखवायला बरणी होती तिच्याकडे."

मध्यस्थ बाईंनी चष्मा काढला, पण पुसला नाही. आप्पा हलकेच म्हणाले, "पिंपं कधी बसली नवी?"

धाकटा म्हणाला, "गेल्या वर्षी, आप्पा. थंडीत."

"म्हणजे मी सकाळचा यायचा बंद झालो, त्याच्या आधी."

"आधी."

आप्पा खुर्चीसकट वळले. लाकूड फरशीवर करकरले. "मी तुला म्हटलं होतं," ते दादाला म्हणाले, "की चव वेगळी लागतेय. पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. तू काय म्हणालास?"

दादा समोरचे कागद जुळवू लागला.

"तू म्हणालास, 'आप्पा, तीच आहे. सगळ्यांना तीच लागतेय.' दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणालास. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता; एखादे अवघड वाक्य समजून घेणाऱ्या मुलासारखे ते सावकाश बोलत होते. "मी डॉक्टरकडे गेलो होतो. एकटाच गेलो. त्यानं जीभ बघितली, दिवा लावून बघितली. म्हणाला, काका, काही दिसत नाही, वयाने होतं असं. मी म्हटलं, बरोबर आहे. वयानेच असणार. आणि घरी येऊन तुला सगळं लिहून दिलं."

"आप्पा, मला तसं..." दादा अडखळला. "तुम्ही आपण होऊन दिलंत. मी मागितलं नव्हतं."

"नव्हतं मागितलंस. घेतलंस मात्र."

थोड्या वेळापूर्वी आईचे बोलणे ऐकताना धाकट्याला वाटले होते की याहून मोठा धक्का आता असू शकत नाही. पण तो धक्का पिठाचा होता. हा माणसाचा होता. वर्षभर आप्पा जेवताना मीठ मागत नव्हते. भाजी खारट झाली तरी खात होते, आळणी झाली तरी खात होते आणि आधी इतरांच्या चेहऱ्याकडे पाहून मग "छान झालीय" म्हणत होते. ते शांत झाले आहेत, वयाने निवळले आहेत, असे सगळे कौतुकाने म्हणत. धाकट्यानेही म्हटले होते.

आई दारात उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक.

"तुला माहीत होतं?" आप्पांनी विचारले.

"म्हातारीचं माहीत होतं." तिचा हात दाराच्या मुठीवर होता. "डॉक्टरकडे गेलात ते नव्हतं माहीत."

"पण मी मीठ मागत नव्हतो, ते तर दिसत होतं."

"अहो, मला वाटलं, ती गेली हे ऐकून तुम्ही खचाल."

"अगं, ती गेली असती तर चार दिवस रडलो असतो आणि पाचव्या दिवशी नवी लावली असती. पीठ आणि पाणी, दुसरं आहे काय त्यात? जीभ गेली म्हणून मी माणसांतून उठलो."

मध्यस्थ बाईंनी घसा साफ केला. "हे पलीकडे सांगायचं असेल तर मला परवानगी लागेल," त्या दादाला म्हणाल्या. "सही तुमची आहे."

"तुम्ही नका सांगू," आप्पा उठत म्हणाले. "मी जातो."

दादाने थांबवले नाही. वहिनी आपली फाइल घेऊन आप्पांच्या मागे निघाली आणि जाताना तिने स्वतःची खुर्चीही उचलून नेली. धाकटा दारातच थांबला, एक पाय या खोलीत आणि एक बोळात.

ताई आप्पांना पाहून उठली. रागावलेले माणूस जितक्या सावकाश उठते तितक्या सावकाश. तिच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेला अर्धा पाव होता, तिच्या दुपारच्या खाण्याचा. आप्पांनी हात पुढे केला.

"दे."

"आप्पा, कालचा आहे तो."

"दे गं."

त्यांनी तुकडा मोडला, हुंगला, डोळे मिटून चावला. इतका वेळ चावला की बोळातल्या आईने पदर तोंडाला लावला.

"बरणी खिडकीत ठेवतेस," ते म्हणाले. "ऊन लागतं तिला. म्हणून आंबट जरा पुढे येतंय. आणि पीठ जाडं दळून घेतेस आताशा."

"हो, आप्पा." ताईला काही उमगत नव्हते. "हे आत्ता का सांगताय? आणि डोळ्यांत पाणी का तुमच्या?"

वहिनीने सांगितले. थोडक्यात, एकही शब्द न सजवता. ऐकता ऐकता ताई खाली बसली.

"मला वाटलं, तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असणार," ती आप्पांना म्हणाली. "तुम्हाला कळणार नाही असं होईलच कसं? कळलं आणि तुम्ही दादासाठी गप्प राहिलात, असं धरून चालले मी. वर्षभर तुमच्यावर डूख धरून होते, आप्पा."

"कळलं होतं," आप्पा म्हणाले. "पण मला वाटलं, चूक माझीच."

मग पुढचे काम फार लवकर झाले. इतके लवकर की धाकट्याला त्याचीच भीती वाटली. बाई दोन्ही खोल्यांची दारे उघडी टाकून बोळातच उभ्या राहिल्या आणि बाकावर कागद ठेवून लिहू लागल्या. नाव वापरले त्याचे पैसे ताई पूर्ण देणार, हप्त्यांनी. हे तिने स्वतःच सांगितले, कुणी मागायच्या आधी. खमिराचे पैसे म्हातारी गेली त्या दिवसापासून रद्द. त्यानंतर तिने भरले असतील ते हप्त्यांतून वळते होणार. दुकानाची जागा तिच्या नावावर. उकळत्या पाण्याच्या कलमावर बाईंनी आडवी रेघ मारली. दादाने एका शब्दाने हरकत घेतली नाही. जे मागतील त्याला तो मान हलवत होता आणि त्याची ती हलणारी मान धाकट्याला बघवत नव्हती.

"आणि मी लिहून दिलेला अधिकार?" आप्पांनी विचारले. "तो कुठे लिहिणार?"

बाई थबकल्या. "तो विषय माझ्याकडे नाही, आप्पा. मला फक्त थकबाकीवर बोलता येतं."

"हो, हो. खरंच की."

दादाने सही केली. लेखणी परत देताना तो ताईच्या अगदी जवळ उभा होता.

"मी येणार होतो," तो म्हणाला. "दोनदा तर दुकानासमोर गाडी उभी केली होती."

"बघितली होती मी," ताई म्हणाली. "चहा टाकला होता तुझ्यासाठी. दोन्ही वेळा." आणि मग, बऱ्याच हळू आवाजात, "दारापासून काउंटरपर्यंत कितीसं अंतर असतं रे?"

निघायची वेळ झाली. आप्पा पहिल्या खोलीत आपली काठी आणायला गेले आणि बाहेर येईनात, तेव्हा धाकट्याने आत डोकावले. ते आपल्या जागी बसले होते. मघाचा चहा त्यांच्यापुढे तसाच होता, थंडगार, वर साय धरलेला. त्यांनी कप उचलून एक घोट घेतला. तोंडात धरला. कपाळाला आठी पडली. वर्षभरात धाकट्याने ती पाहिली नव्हती.

"दादाला बोलाव," ते म्हणाले.

दादा आला. दाराशीच उभा राहिला. पाठीमागून ताई आली, वहिनी आली. आई आली पण आत शिरली नाही.

आप्पांनी कप त्याच्यापुढे धरला.

"पिऊन बघ," ते म्हणाले. "मला दूध लागल्यासारखं वाटतंय. तुला काय वाटतं?"

मघाशी तोच करपट चहा सगळ्यांनी प्यायला होता. दादाने कप घेतला. घोट घेतला. तो गिळायला त्याला फार वेळ लागला.

"लागलंय, आप्पा," दादा म्हणाला. "चांगलंच लागलंय."